कुसळांवरचा श्वास

बियाण्यांच्या कोठीत बोलायला बंदी नव्हती, तरी कोणी फारसं बोलत नसे. हवाच तशी होती. यंत्र लावून ती इतकी कोरडी ठेवलेली असायची की चार वाक्यं बोलली तरी घसा चिकटायचा. भिंतीवर ओल मोजायचा काटा होता, तो कायम तळाशी. खिडक्या होत्या, पण त्या उघडण्यासाठी नव्हत्याच. कडांना रबर लावून कायमच्या बंद केलेल्या.

कोठीत रानगवतांचं बी ठेवत. लोक ज्याला नुसतं गवत म्हणतात आणि तुडवून पुढे जातात, त्या गवतांचं. काचेच्या बरण्या, त्यावर पट्ट्या, फळ्यांवर फळ्या. तिथे चाळणीचं काम करणारा एक माणूस होता. आलेलं बी चाळायचं, भुसा उडवायचा, काड्या वेचायच्या. सगळे त्याला काका म्हणत. आणि त्याच कोठीत त्याची बायको गवतं ओळखायची. तिचं शिक्षण त्यातलं होतं. त्याचं कशातलंच नव्हतं. गाडीवरचा ड्रायव्हर येता-जाता विचारायचा, "काका, इथे तुम्ही चाळता आणि काकू निवडतात. घरी काय, उलटं का?"

"घरी दोन्ही तीच करते," काका म्हणायचे. "मी फक्त खातो."

उन्हाळा लागायच्या आधी ती गेली. फुप्फुसांचं दुखणं होतं. दवाखान्यात गेली ती परत आली नाही, एवढंच सांगण्यासारखं. त्यानंतर काकांची थोरली बहीण, ताई, राहायला आली. ती डबा भरून द्यायची, संध्याकाळी परत आलेला डबा उघडून बघायची आणि बोलायची. काका कामावर जात राहिले. घरी बसून काय करायचं होतं?

बायकोच्या टेबलावर एक ट्रे तसाच राहिला होता. स्टीलचा, कडा असलेला, वरून जाळी. त्यात तिने शेवटचं गोळा केलेलं बी होतं आणि ते अर्धंच निवडून झालं होतं.

त्यात दोन गवतं होती. एका कुळातली, अगदी सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशी. त्यांची शास्त्रातली नावं लांबलचक होती, म्हणून कोठीत त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली कुठेही सापडते. माळावर, बांधावर, भिंतीच्या फटीत. धाकटी एकाच उतारावर होती, आणि त्या उतारावर आता रस्ता झाला होता. म्हणजे या ट्रेमध्ये होती तेवढीच. उभ्या गवतात दोघी ओळखता येतात, ते कोणीही शिकतं. पण बी वाळलं, घासलं गेलं, की भिंगाखाली धरा नाहीतर उन्हात धरा, दोन्ही सारखीच. तोच तपकिरी दाणा, तेच खाली टोक, आणि वर तेच लांब काळं कुसळ, दोरीसारखं पीळ पडलेलं.

ओळखायची जागा कुसळात होती. ओल लागली की कुसळाचा पीळ सुटतो आणि ते फिरू लागतं. फिरत फिरत दाणा जमिनीत रुततो. गवताची ती युक्तीच आहे. काकांची बायको चिमट्यात बी धरायची, तोंडाजवळ न्यायची आणि चष्म्याची काच पुसताना सोडतो तसा हळूच श्वास सोडायची. थोरलीचं कुसळ लगेच फिरायचं. धाकटीचं जागचं हलायचं नाही. "थोरली हाक मारली की ओ देते," ती काकांना म्हणायची. "धाकटीला ऐकू सगळं येतं, पण ऐकत नाही. अगदी तुमच्यासारखी."

हे फक्त तिलाच जमायचं. बाकी कोणी श्वास सोडला तर एक तर दोन्ही फिरायची, नाहीतर दोन्ही ढिम्म. काकांच्या श्वासाला सगळीच फिरायची. ड्रायव्हरने एकदा करून बघितलं, तर बी उडून मॅडमच्या केसांत गेलं.

मॅडम म्हणजे कोठीच्या प्रमुख. बाई सरळ होत्या. एके दिवशी त्या ट्रेपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, शनिवारी गाडी पेरणीसाठी टेकडीवर जाणार. कुंपण झालंय, जमीन तयार आहे."

"आणि हे?"

"हे निवडलं गेलं तर जाईल. मिसळलेलं मी पेरू देणार नाही. थोरली तिथे शिरली की धाकटीला उभं राहू देणार नाही. दोन हंगामांत संपेल सगळं."

"मग पुढच्या वर्षी पेरू."

"बी म्हातारं होतंय, काका. आत्ताच निम्मं उगवेल की नाही शंका आहे. कुसळं फिरवून बघायला मी वाफेची पेटी मागवलीये, पण ती यायला वेळ लागेल." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला नको असेल तर मी ट्रे दुसऱ्या खोलीत ठेवते. रोज समोर बघायचं म्हणजे..."

"नको," काका म्हणाले. "राहू द्या. बघतो मी."

बघतो म्हणाले, पण बघणार काय? दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा ते डबा न उघडता बायकोच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले. खुर्चीत बसायचा धीर झाला नाही. ट्रेवरची जाळी काढली. चिमट्यात एक बी धरलं, श्वास सोडला. फिरलं. दुसरं धरलं. फिरलं. तिसरंही फिरलं. आपला श्वास ओळखीचा नाही, सगळ्यांना सारखाच लागतो, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. त्यांनी चिमटा ठेवला आणि हात मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले.

तेव्हा ट्रेमधलं एक कुसळ फिरलं.

काका लांब बसले होते. तोंड दुसरीकडे होतं. त्यांना वाटलं, आपलाच धक्का लागला असेल. मग आणखी दोन फिरली. मग पाच-सहा, एकदम, एका झुबक्यातली. शेजारची तशीच पडून. खुर्चीच्या समोरचा जो भाग, तेवढ्यातच ही हालचाल होती. ट्रेच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. काका वाकले आणि त्यांना ट्रेच्या तळाशी, दाण्यांच्या मधल्या स्टीलवर, ओलसर धुरकट डाग दिसला. आरशावर श्वास सोडला की पडतो तसा. चेहऱ्याएवढा. बघता बघता तो आक्रसला आणि गेला.

मग पुन्हा पडला.

भिंतीवरचा काटा तळाशीच होता. काका उठले, यंत्राला हात लावून आले. चालू होतं. खिडकीच्या रबरावरून बोट फिरवून आले. कुठे फट नाही. त्यांनी खिशातला रुमाल नाकातोंडावर घट्ट बांधला आणि परत स्टुलावर बसले. डाग पडत होता, जात होता, पडत होता. घाई नव्हती. काम करताना ती तशीच श्वास घ्यायची, नाकाने आत, तोंडाने बाहेर, मध्ये जरा थांबून. काकांना तो ठेका माहीत होता. एवढी वर्षं त्याच्या शेजारी झोपलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही.

 पळून जावं असं पायांना वाटत होतं. पण हात वेगळ्या विचाराचे निघाले. हातांनी चिमटा उचलला आणि फिरलेलं बी एकेक उचलून थोरलीच्या बरणीत टाकायला सुरुवात केली.

ड्रायव्हर जेवून आला तो दारातच थांबला. "काका, दरोडा घालायचाय का कुठे? तोंडाला रुमाल बांधलाय तो?"

"धूळ आहे."

"इथे? इथे धूळ असती तर मॅडमनी तिलाही पट्टी लावून बरणीत ठेवली असती." तो जवळ आला तशी कुसळं थांबली. "निवडताय? कसं काय निवडताय?"

"बघून," काका म्हणाले. खोटंही नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तसंच झालं. काका दाराबाहेर जाऊन दाराच्या काचेतून बघून आले. खोलीत कोणी नाही, खुर्ची टेबलाला लावलेली, आणि ट्रेमध्ये कुसळं फिरताहेत. त्यांनी खुर्ची थोडी मागे ओढून ठेवली, बसायला जागा हवी म्हणून. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं आणि लाज वाटत नव्हती. ते हळू आवाजात बोलूही लागले. ताईने भाजीत मीठ घातलं नाही. शेजारणीच्या मुलीचं ठरलं. तुझ्या चपला अजून दारातच आहेत, ताई उचलायला निघाली होती, मी भांडलो. उत्तर येत नसे. नुसता डाग पडायचा आणि कुसळं फिरायची. पण ती जिवंत असतानाही काम करताना उत्तर देत नसे, त्यामुळे त्यात वावगं काही वाटलं नाही.

घरी ताईने डबा उघडला. "हे काय? पोळी तशीच. भाजी तशीच. अरे, जेवतोस तरी का हवा खातोस?"

"भूक नव्हती."

"भूक नव्हती म्हणे, आणि तोंडावर तर नवरदेवासारखं तेज आलंय. काय चाललंय काय तुझं?"

"निवडायचं काम आहे. तिचं राहिलेलं."

ताईने डबा बंद केला. मग म्हणाली, "संपव एकदाचं. म्हणजे सुटशील."

ते वाक्य काकांच्या डोक्यात जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी ट्रेसमोर बसले तेव्हा त्यांना पहिल्यांदा ट्रेचा तळ दिसला. बी अगदी थोडं उरलं होतं. एक दुपार, फार तर दीड. थोरलीची बरणी भरत आली होती, धाकटीच्या बरणीत मूठभर जमलं होतं. आणि मग? ट्रे रिकामा झाला की ती कशावर श्वास सोडणार? कशासाठी येणार?

काकांनी चिमटा ठेवला. मग त्यांनी थोरलीची बरणी उघडली आणि चिमूटभर बी परत ट्रेमध्ये टाकलं. बोटांनी नीट मिसळलं.

आयुष्यभर त्या माणसाने मिसळलेलं वेगळं केलं होतं. वेगळं केलेलं मिसळायला त्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

डाग पडला. कुसळं फिरली. काका मनापासून हसले. मग त्यांनी आणखी टाकलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. आदल्या दिवशी निवडलेलं दुसऱ्या दिवशी परत ट्रेमध्ये. हात धीट झाले तसं चिमूट सोडून मूठ आली. गुरुवारी तर त्यांनी धाकटीची बरणीही ओतली, म्हणजे काम जास्त पुरेल. मॅडम डोकावून गेल्या. "होतंय ना, काका? शनिवार धरून चालू ना?" "हो, हो," काका म्हणाले.

शुक्रवारी दुपारी काका बसले आणि डाग लवकर पडलाच नाही.

त्यांनी खुर्ची सरकवली. ट्रे सरकवला. "अगं," ते म्हणाले, "बसलोय मी."

मग पडला. पण छोटा. मुठीएवढा, आणि पडतो न पडतो तोच गेला. लगेच दुसरा, तसाच तोकडा. तिसरा. मग काहीच नाही. काका वाट बघत राहिले. कोठीतलं यंत्र घरघरत होतं. फार वेळाने एक मोठा डाग आला, थरथरत, कडेने फाटलेला, आणि त्याच्याबरोबर त्या कोरड्या खोलीत एक वास आला. गोडसर, औषधी. दवाखान्यातल्या नळीचा वास.

 हा ठेकाही काकांच्या ओळखीचा होता. तीन तोकडे, मग थांबणं, मग एक ओढून आणलेला. शेवटच्या दिवसांत ती असाच श्वास घेत होती, आणि ते तिचा हात धरून म्हणत होते, घे, अजून एक घे, माझ्यासाठी एक घे. ती घेत होती. प्रत्येक वेळी घेत होती. डॉक्टरसुद्धा म्हणाले होते की एवढं कोणी ओढत नाही.

ट्रेमध्ये भरपूर बी पडलं होतं. त्यांनीच ओतलेलं.

फिरलेली कुसळं थोडी होती. काकांनी ती घाईघाईने उचलली. बी चिमट्यातून सुटत होतं. पुन्हा तीन तोकडे डाग, पुन्हा थांबणं. ओढून आणलेला मोठा डाग दाण्यांच्या राशीवर पडला, दोन-चार कुसळं अर्धवट वळली आणि थांबली. ती फिरली म्हणायची की नाही? खोलीत वास दाटला होता. समोर कोणी नव्हतं आणि तरी कोणीतरी काम उरकण्यासाठी धडपडत होतं, हे त्यांना इतकं स्पष्ट दिसत होतं की त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटूनही काही बदललं नाही. आता तर ऐकू येत होतं.

ते असं किती वेळ चाललं कोण जाणे. काका वेचत राहिले. जे स्पष्ट फिरलं ते थोरलीत, जे कितीही झालं तरी हललं नाही ते धाकटीत. रास कमी होत गेली. डाग नाण्याएवढे झाले. पण अजून ट्रेमध्ये ओंजळभर होतंच, आणि डाग येतच होता. दर वेळी आता येणार नाही असं वाटावं, आणि यावा.

काकांनी तोंडावरचा रुमाल सोडला. चिमटा खाली ठेवला.

"पुरे," ते म्हणाले. मग खुर्चीकडे बघून म्हणाले, "पुरे गं. राहू दे आता. बाकीचं मी बघतो."

या वेळी पुन्हा मुठीएवढा डाग पडला. हळूहळू आक्रसत ठिपक्याएवढा झाला. मग स्टील कोरडं होतं.

काका संध्याकाळपर्यंत बसले. एकही कुसळ हललं नाही. वास कधी गेला ते त्यांना कळलं नाही. कोठी बंद करायला ड्रायव्हर आला, त्याने काकांचं तोंड बघितलं, आणि नेहमी काहीतरी बोलणारा तो माणूस दिवे न मालवता परत गेला.

शनिवारी सकाळी काकांनी मॅडमच्या टेबलावर धाकटीची बरणी ठेवली. बाजूला एक पाकीट ठेवलं.

"बरणीत आहे ते शंभर टक्के धाकटी. पाकिटातलं ओळखता आलं नाही."

मॅडमनी पाकीट उघडून बघितलं. "एवढं? परवा तर तुम्ही म्हणालात की होतंय."

"होत होतं. मीच मिसळलं परत."

"मिसळलं? चुकून?"

"चुकून नाही," काका म्हणाले.

 मॅडमनी कारण विचारलं नाही. ड्रायव्हर खाली गाडीचा हॉर्न वाजवत होता. बरणी त्यांनी सही करून खाली पाठवली आणि पाकीट काकांच्या हातात परत दिलं.

"घरी कुंड्या आहेत? एका कुंडीत एकच दाणा लावायचा. उगवलं की लक्ष ठेवा. थोरलीचा बुंधा वीतभर झाला की लाल पडतो, धाकटीचा हिरवाच राहतो. लाल दिसला की लगेच उपटायचं. फुलोरा येऊ द्यायचा नाही, नाहीतर दोघींची सरमिसळ होईल आणि मग कोणीच ओळखू शकणार नाही."

"जमेल," काका म्हणाले.

काकांनी घरी खिडकीत कुंड्या मांडल्या. कुंड्या कमी पडल्या तेव्हा डबे, बरण्या, फुटकी कपबशी, आणि स्वयंपाकघरातली चार पातेली. ताई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता मी स्वयंपाक कशात करू? तुझ्या टोपीत?"

"थोडे दिवस, ताई."

"आणि यातलं तिचं कुठलं आणि नको ते कुठलं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही आणि पाणी सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

पुष्कळ दाणे उगवलेच नाहीत. जे उगवले ते सुईसारखे, केसासारखे वर आले. काका सकाळी उठून प्रत्येकाच्या बुंध्याशी भिंग धरायचे. झुकताना सुरुवातीला ते श्वास रोखायचे; ट्रेपाशी बसून ते अंगवळणीच पडलं होतं. मग एके सकाळी ताई म्हणाली, "अरे, जीव गुदमरेल. ते गवत आहे, झोपलेलं मूल नाही." तेव्हापासून ते श्वास घ्यायला लागले.

फुटक्या कपबशीतलं रोप सगळ्यात जोमाने वाढलं होतं. एके दिवशी त्याच्या बुंध्याला तांबूस छटा दिसली. काकांना वाटलं, उन्हाची असेल. दुसऱ्या दिवशी ती गडद झाली. तिसऱ्या दिवशी लपवता येण्यासारखी राहिली नाही.  मग दोन बोटांत बुंधा धरून त्यांनी ते उपटलं. मुळांबरोबर जुना दाणाही आला, रिकामा, अजून कुसळाला चिकटलेला. तळहात घामाने ओला होता. त्यावर ते कुसळ सावकाश अर्धा वेढा फिरलं आणि थांबलं. ओल लागली की ते फिरतंच.

त्यांनी ते केराच्या टोपलीत टाकलं, हात धुतले आणि पुढच्या कुंडीवर भिंग धरलं.